दोष कुणाचा, हा प्रश्नच मोडायला हवा
(सातारा-सांगली भागातील कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



गावातल्या बैठकीत हमखास प्रश्न येतो, ‘ताई, मुलगीच होते, यात दोष कुणाचा?’ मुली झाल्या म्हणून टाकलेल्या बायका आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत.

याचे उत्तर १९०५ साली नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधिकेने शोधले. पिठातल्या किड्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना तिला दिसले की मादीत २० मोठी गुणसूत्रे, तर नरात १९ मोठी आणि एक बारीक. म्हणजे नराचे बीज दोन प्रकारचे. माणसातही तसेच. बाईच्या बीजात नेहमी ‘एक्स’, पुरुषाच्या बीजात ‘एक्स’ किंवा ‘वाय’. ‘वाय’ आले तर सहसा मुलगा.

मी हे दोन रंगांच्या मण्यांनी समजावून सांगते. बायका हसतात, म्हणतात, ‘म्हणजे दोष नवऱ्याचा!’ इथेच थांबायला हवे. कोणते बीज पोचणार हे नवऱ्याच्याही हातात नसते. आणि ‘दोष’ म्हटले की मुलगी होणे वाईट, हे आपणच मान्य करतो.

नुसत्या ज्ञानाने भागत नाही. गर्भातले आजार ओळखण्यासाठी आलेली गर्भजल परीक्षा आपल्याकडे मुली वगळण्यासाठी वापरली गेली. स्त्रीसंघटनांच्या लढ्यामुळे १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला, १९९४ साली केंद्राने. पण तोवर सोनोग्राफी आली होती. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे साताऱ्यात ८९५ मुली होत्या, सांगलीत ८६७. ही उसाची, द्राक्षांची, शिकलेली गावे! त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात ‘नकुसा’ नावाच्या २८० हून अधिक मुलींना नवी नावे मिळाली. नाव बदलले, पण जमीन, वारसा, हुंडा? २०१७ साली मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला एका तरुण आईचा मृत्यू झाला, आणि पुरलेले १९ भ्रूण सापडले.

एक सावधगिरी बाळगू. आपला विरोध लिंगनिवडीला आहे, गर्भपाताच्या हक्काला नाही. बाईला आरोपी करून डॉक्टर आणि सासर सुटता कामा नये.

कायद्याने सल्लागार समितीत तीन समाजकार्यकर्त्यांना जागा दिली आहे, त्यात किमान एक स्त्रीसंघटनेची. आपल्या जिल्ह्यात तिथे कोण बसते, बैठका होतात का, सोनोग्राफी केंद्रांच्या नोंदी कोण तपासते, हे लेखी विचारा. मणी घेऊन वस्तीवर जा आणि अर्ज घेऊन कचेरीतही जा.