कुत्र्याच्या संगतीनें एडिंबरो-दर्शन

दोन-तीन दिवसांची सुटी मिळाली म्हणजे घरच्या कुत्र्याचें काय करावें, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा शेजाऱ्यांच्या भरंवशावर सुटतो. ब्रिटनमध्यें तो निराळ्या रीतीनें सुटतो. तेथील आगगाडींत एका उतारूला दोन कुत्रीं तिकिटाविना नेतां येतात. पुष्कळ खाणावळींतून व मद्यगृहांतून दाराशीं कुत्र्यासाठीं पाण्याचें भांडें मांडलेलें असतें. त्यामुळें शनिवार-रविवारला जोडून सोमवार मिळाला कीं धनी आणि कुत्रें दोघेंही गाडींत चढतात. अशा लहानशा सहलीला डोंगर, समुद्र आणि जुनी वस्ती हीं सारीं एकमेकांच्या जवळ असलेलें शहर हवें. स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो हें तसें शहर आहे. मात्र कुत्र्यासह तेथें जाणाऱ्यानें एक गोष्ट आधींच ध्यानांत घेतलेली बरी. मार्गदर्शक पुस्तकांतील एडिंबरो त्याच्या वांट्याला पुरतें येत नाहीं. त्याच्या वांट्याला दुसरें एक एडिंबरो येतें.

पहिली अडचण किल्ल्याच्या दारांतच उभी राहते. अंधांना व अपंगांना साहाय्य करण्यासाठीं शिकवून तयार केलेलीं कुत्रीं सोडलीं, तर इतर कुत्र्यांना आंत प्रवेश नाहीं. स्कॉटलंडचा राजमुकुट, ‘मॉन्स मेग’ ही जुनी अजस्र तोफ, बाराव्या शतकांतील सेंट मार्गारेटचें चिमुकलें प्रार्थनामंदिर, हें सारें दाराच्या पलीकडे राहतें. आणि नवलाची गोष्ट अशी कीं, याच किल्ल्यांत कुत्र्यांचें स्वतंत्र स्मशान आहे! व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून पलटणींचीं लाडकीं कुत्रीं आणि अधिकाऱ्यांचीं पाळीव कुत्रीं तेथील एका लहानशा बागेंत पुरलीं गेलीं. तटावरून खालीं डोकावलें म्हणजे त्यांच्या थडग्यांचे लहान लहान दगड दिसतात. मेलेल्या कुत्र्याला किल्ल्यांत मानाची जागा आणि जिवंत कुत्र्याला दाराशीं मज्जाव, असा हा न्याय आहे. तथापि त्यावर रागावण्यांत अर्थ नाहीं. बरोबर दोन माणसें असतील तर त्यांनीं पाळीपाळीनें आंत जावें. एकट्यानें किल्ल्याचा मोह सोडावा. कुत्र्याला बंद मोटारींत उन्हांत कोंडून राजमुकुट पाहून येणारे लोक कोठेंही भेटतात. तें क्रौर्य आहे, आणि अजाणतां घडलें म्हणून कुत्र्याच्या जिवाला असलेला धोका कांहीं कमी होत नाहीं.

दाराबाहेर राहण्याचा एक लाभही आहे. कुत्रें हुंगत रेंगाळूं लागलें म्हणजे माणसालाही उभें राहून पाहावयास सवड मिळते, आणि मग शहराची ठेवण हळूहळू उलगडते. किल्ल्याचा खडक म्हणजे सुमारें ३४ ते ३५ कोटी वर्षांपूर्वींच्या ज्वालामुखीच्या नळींत थिजलेला कठीण दगड. हिमयुगांत पश्चिमेकडून सरकत आलेल्या बर्फानें भोंवतालचा मऊ खडक खरवडून नेला. हा गाभा मात्र हलला नाहीं, आणि त्याच्या आडोशाला पूर्वेच्या बाजूस मऊ खडकाची एक लांब शेपटी वांचली. जुनें एडिंबरो त्या शेपटीवर वसलें आहे. किल्ल्यापासून होलिरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा ‘रॉयल माइल’ नांवाचा रस्ता हा तिचा कणा. नांवांत एक मैल असला तरी इंग्रजी मैलाहून तो थोडा लांब भरतो. माशाच्या मधल्या कांट्यापासून बारीक कांटे निघावे तसे त्याच्या दोन्ही अंगांनीं अरुंद बोळ खालीं उतरतात. त्यांना तेथें ‘क्लोज’ म्हणतात.

हे बोळ म्हणजे कुत्र्याचें खरें राज्य. पूर्वीं तटाच्या आंत जागा अपुरी पडे, म्हणून घरें मजल्यावर मजला चढवीत आकाशाकडे वाढलीं, आणि रात्रीं वरच्या खिडक्यांतून घाण खालीं ओततांना ‘गार्डी लू’ अशी आरोळी ठोकण्याची चाल पडली. आज बोळ धुतलेले, स्वच्छ असतात. तरीही प्रत्येक पायरीशीं, प्रत्येक ओल्या कोपऱ्याशीं कुत्रें असें रमतें, कीं माणसाला न दिसणारी कांहीं बखर तेथें लिहून ठेवलेली असावी. घाईचा प्रवासी दोन बोळ पाहून पुढें जातो. साखळी हातांत असलेल्याला दहा पाहावे लागतात. ‘अ‍ॅडव्होकेट्स क्लोज’ हा त्यांतील अवश्य उतरावा असा. त्याच्या तोंडाशीं उभें राहिलें कीं, दोन उंच भिंतींच्या फटींतून पलीकडच्या नव्या नगरांतील स्कॉटच्या स्मारकाचें काळसर शिखर नेमकें समोर येतें. पायऱ्या मात्र उभ्या आहेत, आणि पावसांत निसरड्या होतात. म्हातारें कुत्रें असेल तर उचलून घ्यावें.

त्या स्मारकाची उंची सुमारें ६१ मीटर आहे, आणि त्याचें उद्घाटन १८४६ सालीं झालें. पायऱ्या चढून वर जाणें कुत्रेंवाल्याच्या नशिबीं नसलें तरी त्याची हानि होत नाहीं, कारण पाहण्यासारखी गोष्ट तळाशींच आहे. संगमरवरी सर वॉल्टर स्कॉट बसला आहे आणि त्याच्या पायाशीं त्याचा आवडता शिकारी कुत्रा मायडा आहे. एखाद्या राष्ट्रानें आपल्या कादंबरीकारासाठीं एवढें प्रचंड स्मारक उभारावें, आणि त्यांत त्याच्या कुत्र्यालाही विसरूं नये, हें विशेषच म्हटलें पाहिजे.

स्मारकालगतची बाग एके काळच्या तलावाच्या जागीं आहे. १७५९ सालीं तो तलाव उपसावयास आरंभ झाला. कुत्र्याला मोकळें चालावयास जागा चांगली आहे. पण दुपारीं एकच्या सुमारास तेथें थांबूं नये. रविवार आणि वर्षांतील एक-दोन सणांचे दिवस वगळले, तर रोज ठीक एक वाजतां वरच्या किल्ल्यावरून तोफ सुटते. ही प्रथा १८६१ पासूनची. कॅल्टन टेकडीवरील वेळदर्शक गोळा धुक्यांत दिसेना, म्हणून बंदरांतील गलबतांना घड्याळें लावतां यावींत यासाठीं ती सुरू झाली. गलबतांची गरज संपली, तोफ राहिली. प्रवासी तिची वाट पाहत घड्याळें काढून उभे राहतात; कुत्र्याला तिची कांहींच पूर्वसूचना नसते. डोक्यावर एकाएकीं गडगडाट झाला कीं भित्रें कुत्रें हिसका देऊन सुटतें, आणि परक्या शहरांतील वाहत्या रस्त्यावर सुटलेलें कुत्रें परत मिळेलच असें नाहीं. त्या वेळीं साखळी मनगटाला दोनदां गुंडाळून घ्यावी, किंवा त्याहून बरें म्हणजे एकच्या आधींच दूर निघून जावें. ऑगस्टमधील उत्सवाच्या दिवसांत किल्ल्यासमोर रात्रीं दारूकामही होतें. तो महिना माणसांच्या आनंदाचा असला तरी कुत्र्यांनीं तो टाळावा.

दूर निघून जावयास ‘आर्थर्स सीट’सारखी जागा नाहीं. राजवाड्यामागें २५१ मीटर उंचीची ही टेकडी राजधानीच्या पोटांतच उभी आहे. तिच्या पायथ्याच्या कड्यांतील खडकांचे थर पाहून जेम्स हटन या एडिंबरोच्याच शोधकानें, तप्त रस खालून वर घुसून थिजला असला पाहिजे, असें ताडलें. पृथ्वीचें वय कल्पनेच्या पलीकडे मोठें आहे हा त्याचा विचार पुढें भूगर्भशास्त्राचा पाया झाला. माथ्यावरून फोर्थची खाडी दिसते. तेथें वारा इतका असतो कीं, कुत्र्याचे कान उलटे होतात आणि माणसाची टोपी जाते.

शेवटचा दिवस ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीसाठीं राखावा. १६३८ सालीं याच ठिकाणीं स्कॉट लोकांनीं आपल्या धर्मस्वातंत्र्याच्या राष्ट्रीय करारनाम्यावर सह्या केल्या, आणि १६७९ सालीं त्याच कराराचे शेंकडों अभिमानी येथें उघड्यावर बंदींत खितपत पडले. प्रेतें चोरून वैद्यकीय शाळांना विकणाऱ्यांच्या भीतीनें थडग्यांवर बसविलेले लोखंडी पिंजरेही येथें पाहावयास मिळतात. तरी बहुतेक लोक येतात ते एका कुत्र्यासाठीं.

कथा सर्वश्रुत आहे. जॉन ग्रे नांवाचा पोलीस पहारेकरी १८५८ च्या फेब्रुवारींत क्षयानें वारला. त्याचा बॉबी हा लहानखुरा टेरियर कुत्रा १८७२ च्या जानेवारींत स्वतः मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ चौदा वर्षें, धन्याच्या थडग्यापाशीं राहिला. एकच्या तोफेबरोबर तो जवळच्या खाणावळींत जेवावयास जाई, असें सांगतात. १८६७ सालीं कुत्र्यांना परवाना सक्तीचा झाला आणि बेवारशी कुत्र्यांवर मरण ओढवलें. तेव्हां नगराध्यक्ष विल्यम चेंबर्स यांनीं बॉबीचा परवाना स्वतःच्या पैशानें काढला आणि त्याला पट्टा दिला. तो पट्टा शहराच्या संग्रहालयांत आहे. १९१२ च्या एका कादंबरीनें ग्रेला पोलिसाचा मेंढपाळ केला, आणि पुढें चित्रपटांनीं कथा जगभर नेली.

२०११ सालीं यान बाँडेसन या संशोधकानें या कथेला मोठा धक्का दिला. त्याच्या मतें बॉबी हा ग्रेचा कुत्रा नव्हताच. दफनभूमींत आसरा घेतलेलें तें एक भटकें कुत्रें. लोकांनीं त्याला शोकाकुल समजून खाऊं घातलें, म्हणून तें तेथेंच राहिलें, आणि पहिलें मेल्यावर दुसऱ्यानें त्याची जागा घेतली. पाहुणे येत, आसपासचे धंदे चालत. कोणालाच चौकशीची निकड नव्हती. हें सारें खरें असणें शक्य आहे. पण मग जें उरतें तेंही थोडें नाहीं. एका बेवारशी जनावराला त्या गरीब वस्तींत वर्षानुवर्षें रोज घांस मिळत होता, आणि कायदा त्याच्या गळ्याशीं आला तेव्हां नगराध्यक्षानें खिशांत हात घातला. कुत्र्याच्या मनांत काय होतें हें कोणालाच कळावयाचें नाहीं; माणसांनीं काय केलें याला पट्ट्याचा पुरावा आहे.

मराठी मनुष्याला येथें साताऱ्याजवळच्या संगम माहुलीची आठवण व्हावी. तेथें थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधि दाखवितात. वाघाच्या शिकारींत त्या कुत्र्यानें महाराजांचे प्राण वांचविले, म्हणून त्याला जहागीर व पालखीचा मान देण्यांत आला, ही हकीकत ग्रँट डफनें १८२६ सालच्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत नमूद केली आहे. मात्र राजाची एक लहर म्हणून. डफ स्वतः स्कॉटलंडचा. त्याचें पुस्तक निघून पन्नास वर्षें होण्यापूर्वींच, १८७३ सालीं, त्याच्या देशाच्या राजधानींत एका भर चौकांत बॉबीचा पुतळा बसला. अँजेला बर्डेट-कूट्स या धनाढ्य व दानशूर बाईनें त्याचा खर्च केला. त्याखालीं पाण्याचा हौद होता: वरचा माणसांसाठीं, खालचा कुत्र्यांसाठीं. पुढें विसाव्या शतकांत आरोग्याच्या सबबीवर तें पाणी बंद झालें. अलीकडे प्रवाशांनीं शुभ म्हणून पुतळ्याचें नाक घांसघांसून पितळेसारखें पिवळें केलें आहे. ही चाल जुनी नाहीं, आणि शहराला ती आवडतही नाहीं.

पवित्र भूमींत कुत्र्याला जागा नाहीं, म्हणून बॉबीला धन्याशेजारीं न पुरतां दफनभूमीच्या दाराजवळ पुरलें. तेथें १९८१ सालीं तांबड्या ग्रॅनाइटचा दगड बसविला गेला. त्या दगडापाशीं फुलांपेक्षां काटक्याच अधिक पडलेल्या असतात. बॉबीला खेळावयास म्हणून लोक त्या ठेवून जातात. प्रवाशाचें कुत्रें तेथें पोंचलें कीं नेमकी त्यांतील चांगलीशी एक उचलूं पाहतें. साखळी आंवळावी लागते, आणि तेथून बाहेर पडावयास बराच वेळ लागतो.