अरुंद गाळणी, जागता कान



२६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी अंदमानची भूमी हादरली आणि पाठोपाठ त्सुनामी आली. बेटांचा बाहेरच्या जगाशी असलेला नेहमीचा संपर्क तुटला. त्या वेळी दिल्लीच्या हौशी रेडिओचालक भारती प्रसाद सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअर येथे आपले केंद्र चालवीत होत्या. छंद म्हणून उभारलेले ते केंद्र क्षणार्धात सेवाकेंद्र झाले. माणसांची खुशाली बिनतारी लहरींवरून मुख्य भूमीपर्यंत पोहोचू लागली.

दूरवरून आलेली हाक बहुधा क्षीण असते. गोंगाट मात्र घराशेजारीच असतो. दिल्लीला लागून असलेल्या फरीदाबादसारख्या उद्योगनगरीत कारखान्यांच्या मोटारी, वेल्डिंगची यंत्रे, घरोघरचे इन्व्हर्टर आणि एलईडी दिवे ही सारी रेडिओत खरखर निर्माण करतात. त्या खरखरीत मोर्सचे बिंदू आणि रेषा बुडून जातात. त्यांना वर काढणारे साधन म्हणजे ध्वनीची अरुंद गाळणी, अर्थात फिल्टर.

तिचे तत्त्व सोपे आहे. मानवी बोलणे समजण्यासाठी सुमारे २५०० हर्ट्‌झ रुंदीची वाट लागते. मिनिटाला १२ शब्दांच्या वेगाने पाठवलेल्या मोर्सला मात्र जेमतेम ५० हर्ट्‌झ पुरतात. वाट २५०० वरून २५० हर्ट्‌झवर आणली, की खरखरीची शक्ती एकदशांश होते. संदेशाचा सूर मात्र तेवढाच राहतो. तंत्रज्ञांच्या भाषेत हा १० डेसिबलचा लाभ होय.

पूर्वी हौशी मंडळी टेलिफोन यंत्रणेतील ८८ मिलिहेन्रीची वेटोळी मिळवीत. तिच्यासोबत सुमारे ०.५९ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला, की मंडल ७०० हर्ट्‌झच्या सुराला साद देते. आज तेच काम एक ऑप-अँप, काही रोधक आणि कपॅसिटर वेटोळ्याविना करतात.

मग वाट आणखी अरुंद का करू नये? कारण अरुंदपणाची किंमत द्यावी लागते. देवळातील घंटा टोल दिल्यावरही घुमत राहते, तशीच गाळणीही घुमते. मिनिटाला २० शब्दांच्या वेगात एक बिंदू ६० मिलिसेकंदांचा आणि दोन चिन्हांमधील शांतताही तेवढीच असते. २० हर्ट्‌झ रुंदीच्या साध्या गाळणीत सूर विरायला सुमारे ४८ मिलिसेकंद लागतात. ती शांतता जवळजवळ भरून जाते आणि बिंदू एकमेकांत मिसळतात. १०० हर्ट्‌झ रुंदीत हाच काळ सुमारे १० मिलिसेकंदांवर येतो आणि अक्षरे सुटी राहतात. शिवाय फार अरुंद वाटेवर किंचित बाजूला सरकलेली हाक ऐकूच येत नाही. म्हणून जाणकार चालक आधी रुंद वाटेवर शोध घेतो आणि हाक सापडल्यावरच वाट आवळतो.

उरलेले काम कानाचे असते. ७०० हर्ट्‌झच्या आसपास मानवी श्रवणाची स्वतःची गाळणीही सुमारे १०० हर्ट्‌झ रुंद आहे. निसर्गाने दिलेल्या या देणगीला सरावाची जोड मिळाली, की खरखरीतही सूर ओळखू येतो. यंत्र कानाला मदत करते; कानाची जागा घेत नाही.

२००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत मोर्स परीक्षेची आंतरराष्ट्रीय सक्ती उठली आणि २०१३ च्या जुलैमध्ये भारतातील तारसेवाही थांबली. तरीही जगभरचे हौशी चालक मोर्स जपून आहेत, कारण अल्प शक्तीच्या साध्या यंत्रावरूनही तो दूर पोहोचतो.

हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या शाळेला ही गाळणी म्हणजे प्रयोगशाळेत सहज करता येण्याजोगा पाठ आहे. अकरावी-बारावीचे विद्यार्थी ती बांधू शकतील, तिची रुंदी बदलून बिंदू कुठे विरघळतो ते मोजू शकतील आणि डोळे मिटून ऐकायला शिकतील. पुन्हा कधी दूरध्वनी मुके झाले, तर क्षीण हाक ओळखणारा एखादा कान याच बाकांवर घडलेला असावा.