स्नातकाचा जमाखर्च



पनवेलच्या या महाविद्यालयाच्या दीक्षान्त समारंभात ज्यांच्या हाती आज पदवीची सनद पडत आहे, त्या सर्वांचे मी अभिनंदन करतो. आणि ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन, प्रसंगी घरातला दागिना गहाण ठेवून, आपल्या मुलामुलींचे शुल्क वेळच्या वेळी भरले, त्या मातापित्यांना या व्यासपीठावरून नमस्कार करतो. आजची सनद जितकी आपल्या बुद्धीची तितकीच ती त्यांच्या काटकसरीची आहे.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत अध्ययन संपवून गुरुगृहातून निघालेल्या शिष्यास आचार्यांनी केलेला उपदेश आहे, आणि दीक्षान्त भाषण या प्रकाराचा मूळपुरुष म्हणून त्याच्याकडेच बोट दाखविण्याचा प्रघात आहे. त्या उपदेशात सत्य आणि धर्म यांच्या पाठोपाठ, तिसऱ्याच स्थानी, स्वाध्यायात हयगय न करण्याची आज्ञा येते. ज्याचे अध्ययन पूर्ण झाले आहे त्यालाच अध्ययन न सोडण्याविषयी बजावावे, यात आचार्यांचे मोठे व्यवहारज्ञान आहे. गुरुगृही अध्ययनाची वेळ गुरू ठरवितो. ते सोडल्यावर ती ज्याची त्याने ठरवावी लागते, आणि ती ठरविली नाही तर संसार, चाकरी आणि बाजार ही तिन्ही मिळून तिची वाटणी केव्हा करून टाकतात याचा पत्ताही लागत नाही. या वाटणीविषयीच मला आज आपल्याशी बोलावयाचे आहे.

आपल्यापैकी पुष्कळांस लवकरच पहिले वेतन मिळेल, आणि ते हाती पडण्यापूर्वीच त्यावर हक्क सांगणारे दाराशी उभे राहतील. घराचा हप्ता, दुचाकीचा हप्ता, मोबाईलचा हप्ता अशी एकदा हप्त्यांची साखळी गळ्यात पडली म्हणजे ती फेडण्यासाठी अधिक तास राबावे लागते, आणि राबण्याच्या शिणवट्यावर उतारा म्हणून पुन्हा काही विकत घ्यावेसे वाटते. पैसा गेलेला दिसतो, कारण त्याची नोंद बँकेच्या पासबुकात होते. त्याबरोबर गेलेल्या तासाची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात होत नाही. मला काटकसरीची थोरवी वाटते ती या नोंद न झालेल्या तासासाठी. जो गरजा मोजक्या ठेवतो त्याच्यापाशी दिवसाकाठी काही वेळ निव्वळ स्वतःच्या मालकीचा उरतो. परंतु हा उरलेला वेळ रिकामाच ठेवला तर काटकसर आतल्या आत सुकते आणि तिचा कंजूषपणा होतो. म्हणून तो अशा उद्योगांनी भरावा, की ज्यांना द्रव्य फार लागत नाही आणि जे माणसाला स्वतःच्या उंबरठ्याबाहेर, दुसऱ्या माणसांकडे घेऊन जातात. असे दोन उद्योग मी आपल्यापुढे ठेवतो: एक परभाषेचा अभ्यास, आणि दुसरा रानावनांतून, डोंगरदऱ्यांतून पायी केलेले भ्रमण.

या दोहोंचा आणि मितव्ययाचा मेळ ज्यांच्या आयुष्यात पूर्णत्वाने दिसतो, ते आचार्य विनोबा भावे आपल्या शेजारच्याच पेण तालुक्यातले. ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे या गावी त्यांचा जन्म झाला. बडोद्यास शिकत असताना त्यांची दुसरी भाषा फ्रेंच होती. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस जाण्याकरिता निघालेले विनोबा वाटेत सुरतेस उतरले आणि संस्कृतच्या ओढीने काशीस गेले. तत्पूर्वी आपली प्रशस्तिपत्रे त्यांनी घरच्या चुलीत जाळून टाकली होती. त्यांच्या त्या अग्निपरीक्षेचे अनुकरण मी आपणांस सांगत नाही. आपल्या सनदांमागे ज्यांचे कष्ट आहेत ते येथे समोर बसले आहेत. मला आपले लक्ष वेधावयाचे आहे ते त्यानंतरच्या एका वर्षाकडे. गांधीजींच्या आश्रमात दाखल झाल्यावर, १९१७ साली, प्रकृतीच्या कारणास्तव आणि अध्ययनासाठी त्यांनी वर्षभराची रजा घेतली आणि वाईस प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी राहून उपनिषदांचे आणि ब्रह्मसूत्रभाष्याचे अध्ययन केले. वय बावीस, म्हणजे आज आपल्यापैकी बहुतेकांचे आहे तेच.

वर्षअखेरीस गांधीजींना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या रजेचा चोख जमाखर्च दिला आहे. प्रकृती सुधारावी म्हणून प्रथम रोज दहाबारा मैल चालणे, पुढे जात्यावर धान्य दळणे आणि सूर्यनमस्कार. महाराष्ट्राच्या चारपाच जिल्ह्यांतून सुमारे ४०० मैलांचा पायी प्रवास, त्यात इतिहासप्रसिद्ध किल्ल्यांचे दर्शन आणि वाटेतल्या गावी गीतेवर प्रवचने. आणि वाईत एक वाचनालय, ज्याच्या पुस्तकांसाठी लागणारा पैसा विद्यार्थ्यांनी लोकांचे धान्य दळून उभा केला. त्या वर्षात व्यायाम, विद्या आणि उपजीविका यांची तीन निरनिराळी खाती नव्हती. जात्यावर बसले म्हणजे शरीर बळकट होत होते आणि पुस्तकही येत होते. रस्त्यास लागले म्हणजे प्रकृती सुधारत होती, देश कळत होता आणि शिकलेली विद्या गावकऱ्यांच्या कानी पडत होती. एका कृतीतून तीन फळे घेण्याची ही जी हातोटी, तिलाच मी विचारपूर्वक जगणे म्हणतो.

या सवयीचे फळ किती दूर जाऊन पिकले ते पाहा. १९४२ च्या आंदोलनात अटक झाल्यावर वेल्लोरच्या तुरुंगात विनोबांनी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषांचा अभ्यास एकदमच आरंभिला, आणि इतकी घाई कशासाठी असे कोणी विचारले तेव्हा पाचवी भाषा नाही म्हणून चारांवरच थांबलो, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. ज्या माणसाजवळ कोठडीखेरीज काही उरलेले नाही, त्याच्याजवळही वेळ उरतो आणि त्या वेळेत चार मुलुखांची दारे उघडता येतात, हे त्या काळी कोणाच्या फारसे ध्यानात आले नसेल. पुढे १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाचा आरंभ झाला, आणि १९५६-५७ त तमिळनाडू, केरळ आणि कर्नाटक या प्रांतांतून गावोगाव पायी हिंडताना तुरुंगात गिरविलेली अक्षरे त्यांच्या कामी आली. भूमिहीनासाठी जमीन मागावयास आलेला पाहुणा आपल्या भाषेचा अभ्यास करून आला आहे, याचा ऐकणाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम कोणत्याही वक्तृत्वाने साधणार नाही.

असेच दुसरे उदाहरण गोव्याचे. साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या धर्माचे ज्ञान मिळवावे या एका ध्यासाने घराबाहेर पडले, काशीस अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, आणि पाली भाषेसाठी सिंहलद्वीपापर्यंत पोहोचले. पुढे कलकत्ता विद्यापीठातील अधिक वेतनाची नोकरी सोडून, महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करावे एवढ्याच अटीवर, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपये त्यांनी पत्करले. त्यानंतर हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना विशुद्धिमार्ग या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी बोलाविले. अल्प वेतन पत्करताना त्यांनी कशावर पाणी सोडले आणि काय राखले, याचा विचार आपण पहिल्या नेमणुकीच्या पत्रावर सही करताना अवश्य करावा.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो न्याय्य आहे. ज्याच्या घरी वडिलांचे कर्ज फेडावयाचे आहे, बहिणीच्या शिक्षणाची तजवीज करावयाची आहे, जो पहाटेची लोकल पकडून मुंबईस जातो आणि रात्री पनवेलीस परततो, त्याला काटकसरीचा उपदेश काय करावयाचा? काटकसर ही त्याने निवडलेली नसून त्याच्यावर लादलेली आहे. अशा माझ्या मित्रांना मी कमी खर्च करा असे सांगणार नाही. मी एवढेच म्हणेन की, भाषा आणि वाट या दोन गोष्टी ऐपत पाहून कोणाला दारात उभे करीत नाहीत. रोजच्या गाडीतला तासाभराचा प्रवास हा वर्षाच्या शेवटी एका भाषेएवढा होतो, आणि त्यासाठी लागते एक पुस्तक, एक वही आणि शेजारच्या बाकावरचा, ती भाषा घरी बोलणारा एखादा सहप्रवासी.

आणि अशा सहप्रवाशांची या पनवेलीत कधी उणीव नव्हती. घाट उतरून आलेला माल गलबतांत चढविणारे हे जुने बंदर. १८३० साली बोरघाटाचा रस्ता झाल्यावर पुणे आणि मुंबई यांच्यामधले नाके. नगरपालिका १८५२ ची आणि महानगरपालिका २०१६ ची. या पेठेत आगरी आणि कोळी बोली नांदल्या, गुजराती आणि मारवाडी वखारदार आले, कोकणी मुसलमानांची वस्ती झाली; आणि ज्यांची प्रार्थना हिब्रूत पण घरातले बोलणे मराठीत, अशा बेने इस्राएल समाजाने १८४९ साली उभारलेले बेथ एल हे प्रार्थनामंदिर आजही गावात आहे. आता नव्या वसाहतींतून मल्याळी, तमिळ, बंगाली, पंजाबी कुटुंबे आपल्या भिंतीला भिंत लावून राहत आहेत. भाषा शिकण्यासाठी परदेशी जाण्याचा खर्च ज्याला परवडत नाही त्याने जिना उतरून खाली जावे. देवनागरी जाणणाऱ्यास गुजराती लिपी वाचावयास फार दिवस लागत नाहीत. कन्नडचा आणि मराठीचा शेजार शतकानुशतकांचा, त्यामुळे तिच्यात पावलोपावली ओळखीचे शब्द भेटतात. उर्दू शिकणाऱ्यास तर तालुका, महसूल, फिर्याद, जामीन हे आपल्या कचेरीतले शब्द तेथेही भेटल्याचा आनंद होतो. याच रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, कोर्लई गावात पोर्तुगीज अमदानीतून उरलेली एक मिश्र बोली काही ख्रिस्ती कुटुंबे अद्याप घरात बोलतात. भाषांचे एवढे वैभव हाताशी असताना एकाच भाषेवर आयुष्य काढणे ही खरी उधळपट्टी होय.

निसर्गाच्या बाबतीतही आपण असेच भाग्यवान आहोत. गावाच्या दक्षिणेस, गोव्याच्या हमरस्त्यावर, काही कोसांवर कर्नाळा. त्याचा आकाशात रोवलेला सुळका आपण लहानपणापासून पाहत आलो. शिरढोणास जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांनी बालपणी हाच सुळका पाहिला. १९६८ साली येथे पक्षी अभयारण्य झाले. पावसाळ्याच्या तोंडी मलबारी कस्तुराची शीळ, स्वर्गीय नर्तकाची लांब शुभ्र शेपटी आणि भृंगराजाची नक्कल ऐकण्यापाहण्यासाठी एस. टी. चे तिकीट आणि भाकरीची शिदोरी पुरते. पूर्वेस प्रबळगड आणि त्याच्या खांद्याशी कलावंतिणीचा दुर्ग, पलीकडे माथेरान. अलीकडे भ्रमणाचाही बाजार मांडला गेला आहे; हजारोंचे बूट, हजारोंच्या पाठपिशव्या, आणि शिखरावर पोहोचल्याचा पुरावा म्हणून काढावयाची छायाचित्रे. माझी विनंती आहे की, आपण एकच डोंगर निवडावा आणि त्याच्याकडे सर्व ऋतूंत जावे. भर पावसात निसरड्या पायऱ्यांवर धाडस दाखवू नये, अभयारण्याचे नियम पाळावेत, आणि प्लास्टिकचा एक तुकडाही मागे ठेवू नये. ज्याला दहा गडांची नावे ठाऊक आहेत त्याच्यापेक्षा ज्याला एका गडावरची झाडे, पाखरे आणि पाणी ठाऊक आहे, तो अधिक श्रीमंत, असे मी मानतो.

या झाडापाखरांची नावे शिकण्याच्या निमित्ताने आपले दोन्ही उद्योग एकत्र येतात. या डोंगरांच्या कुशीत कातकरी आणि ठाकूर समाजाच्या वाड्या आहेत. कोणता कंद कधी खणावा, कोणत्या पाल्याची भाजी पहिल्या पावसानंतर होते, हे ज्ञान त्यांच्या बोलीत साठलेले आहे आणि पुष्कळसे कोठेही लिहिलेले नाही. पदवीधराने तेथे शिकवावयास म्हणून जाऊ नये. वही उघडून जमिनीवर बसावे आणि शिकावयास म्हणून विचारावे. ज्या दिवशी वाडीतली एखादी म्हातारी आपला उच्चार सुधारील, त्या दिवशी आपण खरे विद्यार्थी झालात असे समजावे.

आता थोडे व्यवहाराचे. पहिले वेतन हाती येईल त्या दिवशी एक साधी जमाखर्चाची वही घाला, आणि तिच्यात रुपयांच्या शेजारी तासांचाही रकाना आखा. कोणतीही महागडी वस्तू घेण्यापूर्वी तिच्या किमतीला आपल्या कामाचे किती तास लागतील ते त्या रकान्यात मांडा, आणि तेवढे तास तिच्यासाठी खुशीने द्याल काय, हे स्वतःस विचारा. दिवसातला अर्धा तास भाषेस द्या; तो शक्यतो सकाळचा, आणि वाचन मोठ्याने. आठवड्यातली एक सकाळ वाटेला द्या. आजारपणासाठी, आईवडिलांच्या म्हातारपणासाठी आणि अडल्यानडल्या मित्रासाठी शिल्लक ठेवा. कारण जो स्वतःवर बेताने खर्च करतो त्यालाच दुसऱ्यासाठी सढळ हाताने खर्च करणे साधते, आणि मितव्ययाची खरी शोभा या औदार्यातच आहे.

मित्रहो, ही पदवी आपल्याला चाकरी मिळवून देईल आणि ती अवश्य मिळवावी. परंतु आपल्या आयुष्याचे मोल केवळ चाकरीच्या दप्तरावरून ठरू नये. वर्षभरानंतर कोणी आपल्याला काय मिळविले असे विचारील तेव्हा वेतनाच्या आकड्याबरोबरच, ज्या शेजाऱ्याशी कालपर्यंत नुसती मान हलवीत होतो त्याच्याशी आता त्याच्या भाषेत बोलतो, आणि ज्या डोंगराकडे खिडकीतून पाहत होतो त्याची प्रत्येक वाट आता पायाखालची आहे, असे सांगता यावे. त्यासाठी भाषा कोणती, हे आज रात्रीच ठरवा, आणि उद्या सकाळचा पहिला अर्धा तास तिच्या नावे जमा करा.