ट्रॅक्टरची खांदेमळणी घरच्या अंगणात
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आम्ही मालाडहून आलो आहोत. राहतो मुंबईत, पण सातबारा गावाकडचा आणि तोही कोरडवाहू जमिनीचा. मालाडच्या पुढचे स्टेशन कांदिवली. १९६३ साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली. कांदिवलीच्या कारखान्यातून निघालेला तिचा बी-२७५ पुढे गावोगावच्या शिवारात दिसू लागला. १९७७ साली ही कंपनी महिंद्र आणि महिंद्रमध्ये विलीन झाली. ट्रॅक्टर घडतो इंडियात, राबतो भारतात. बिघडतोही भारतातच आणि दुरुस्तीचे बिलही भारतच भरतो. म्हणून आज ट्रॅक्टरच्या देखभालीवर बोलायचे आहे.

आता पंधरा-वीस हॉर्सपॉवरचे छोटे ट्रॅक्टर आले आहेत. कपाशीच्या दोन ओळींत शिरून डवरणी करतात, तिफण ओढतात, फवारणीचा पंप चालवतात. बैलजोडी परवडेना म्हणून कित्येकांनी कर्ज काढून ते घेतले. पण कोरडवाहूत वाफसा काही दिवसांचाच. मृगाचा पाऊस पडून गेला, रान वाफशावर आले आणि ट्रॅक्टर सुरूच झाला नाही, तर मिस्त्री येईपर्यंत वरचा थर सुकून जातो. रब्बीची ज्वारी तर जमिनीत साठलेल्या ओलीवरच येते. तिथे पेरणी आठवडाभर लांबली की कणसात फरक दिसतो. बिघाडाचा खरा खर्च मिस्त्रीच्या बिलात दिसत नाही, तो उताऱ्यात दिसतो.

बैलाची खांदेमळणी आपण पोळ्याच्या आदल्या दिवशी करतो. वर्षभर जू ओढलेल्या खांद्याला तेल-हळद लावतो. ट्रॅक्टरलाही खांदे असतात, त्यांना ग्रीस लागते. त्याची मळणी मात्र वर्षातून एकदा करून भागत नाही.

कामाला हात लावण्याआधी चार गोष्टी पाळा. ट्रॅक्टर सपाट जागी लावा. अवजार जमिनीवर टेकवा. चावी काढून खिशात ठेवा. चाकाला दगडाची ओट द्या. उचललेल्या अवजाराखाली कुणीही शिरू नये, लेकरांनी तर नाहीच.

रोजचे काम दहा-पंधरा मिनिटांचे. इंजिन बंद करून थोडा वेळ जाऊ द्या, मग ऑइलची पट्टी काढून पुसा, पुन्हा घाला आणि पाहा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. कमी वाईट, तसेच जास्तही वाईट. रेडिएटरचे पाणी थंड इंजिनवरच पाहा. गरम असताना झाकण उघडले तर उकळते पाणी तोंडावर उडते. डिझेलची टाकी संध्याकाळी भरून ठेवा. अर्ध्या टाकीत रात्रीच्या गारव्याने पाण्याचे थेंब धरतात, ते पंपात गेले की महागात पडते. फिल्टरखालच्या वाटीत पाणी दिसले तर स्क्रू सैल करून सोडून द्या.

आपल्याकडे ट्रॅक्टरचा सर्वांत मोठा वैरी धूळ. उन्हाळी वखरणीत काळ्या रानाचा फुफाटा उडतो. एअर क्लीनर तुंबला की इंजिन काळा धूर ओकते, डिझेल जास्त खाते, आणि धूळ आत शिरली तर पिस्टन-रिंगा झिजतात. क्लीनर तेलाचा असेल तर वाटीतला गाळ काढून खुणेपर्यंत नवे ऑइल घाला. कागदी फिल्टर असेल तर आतून बाहेर हलकी हवा मारा. दगडावर आपटू नका, पाण्याने धुऊ नका. फाटला असेल तर बदलाच. ज्वारीच्या मळणीत भुसा आणि कपाशीच्या रानात काडीकचरा रेडिएटरच्या जाळीत अडकतो आणि इंजिन तापते. ती जाळी मऊ ब्रशने साफ करा.

दर आठवड्याला ग्रीस गन घेऊन पुढचा आस, स्टिअरिंगचे सांधे, पेडल, मागच्या ओढदांड्या, सगळ्या निपलांना ग्रीस द्या. आधी निपल पुसा, नाहीतर ग्रीसबरोबर मातीही आत जाते. चिखलात काम झाले असेल तर आठवड्याची वाट पाहू नका. चाकांचे नट आवळा. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहा, बोटाच्या जाडीइतका दबला म्हणजे बरा. दोन्ही ब्रेक सारखे लागतात का तेही बघा. एक लागतो आणि एक नाही, असा ट्रॅक्टर रस्त्यावर उलटतो.

ऑइल किती तासांनी बदलायचे ते मशीनच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. बऱ्याच ट्रॅक्टरांना पहिल्या पन्नास तासांनी आणि पुढे दर अडीचशे तासांनी बदलावे लागते, ऑइल फिल्टरसकट. पण आठ-दहा एकर कोरडवाहूत वर्षाला अडीचशे तास भरतीलच असे नाही. तेव्हा तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा, मृगाआधी, ऑइल बदला. जुने ऑइल नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, डब्यात साठवून भंगारवाल्याला द्या.

कोरडवाहूतला ट्रॅक्टर चालून कमी आणि उभा राहून जास्त खराब होतो. महिनाभर उभा ठेवायचा असेल तर सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घाला, बॅटरीची उणे बाजूची वायर आधी सोडा आणि चाकांत हवा पुरेशी ठेवा. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी आली तर वायरी सोडून कोमट पाण्याने धुवा, सुकवा आणि पेट्रोलियम जेली लावा. पाणी घालायचे ते डिस्टिल वॉटरच, विहिरीचे नाही. उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हा कडब्याच्या गंजीला चिकटून ट्रॅक्टर उभा करू नका.

डिझेल संपून लाइनमध्ये हवा शिरली तर स्टार्टर दाबत बसू नका, बॅटरी जाईल. टाकी भरा, फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करा आणि हातपंप मारत राहा. बुडबुडे थांबून नुसते डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळा.

कुठे थांबायचे हेही सांगितले पाहिजे. डिझेल पंप, नोजल आणि हायड्रॉलिकचे आतले काम घरी उघडू नका. नोजलची फवार हाताने तपासू नका, ती कातडी फोडून आत घुसते. वॉरंटी चालू असेल तोवर ठरलेल्या सर्व्हिस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या आणि पुस्तिकेवर सही-शिक्का घ्या.

आता मुद्द्याची गोष्ट. हे सगळे घरी केले म्हणून ते फुकट झाले, असे समजू नका. इंडियातल्या गॅरेजमध्ये हाच पाना फिरला तर मजुरी लागते. आपल्या अंगणात फिरला तर तो 'घरचेच काम'! कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या हिशेबात प्रत्यक्ष खर्च आणि अवजारांची झीज ए-२ मध्ये येते. घरच्या माणसांची मेहनत मिळवली की ए-२ अधिक एफएल होतो. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरले की सी-२ होतो. २०१८-१९ पासून सरकार दीडपट भावाची गोष्ट करते ती ए-२ अधिक एफएलवर, सी-२ वर नाही. तिथेच आपला खंड आणि व्याज गळाले. त्यात आपणच घरची मेहनत लिहिली नाही, तर तीही गळणार.

कराचेही तसेच. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टर, टायर आणि सुट्या भागांवरचा जीएसटी पाच टक्क्यांवर आला, हे बरे झाले. पण कारखानदार भरलेला कर वजा करून घेतो, शेतकऱ्याला ती वजावट नाही. डिझेल तर जीएसटीच्या बाहेरच. त्यावर केंद्राचे अबकारी शुल्क आणि राज्याचा व्हॅट आपण डवरणीच्या प्रत्येक फेऱ्यात भरतो.

म्हणून ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये पान्याबरोबर एक वही ठेवा. तारीख, मीटरचे तास, डिझेल, ऑइल, फिल्टर, कोणी किती वेळ काम केले, सगळे लिहा. बऱ्याच घरांत हिशेबाची वही मायबहिणींच्याच हाती असते, ही वहीही त्यांच्याकडे द्या. या वहीचे दोन उपयोग. पुढचे ऑइल कधी बदलायचे ते ती सांगेल. आणि कपाशी-ज्वारीच्या उत्पादन खर्चावर कोणी साहेब आपल्याला शिकवू लागला, तर त्याच्यापुढे ती उघडून ठेवता येईल.

मृगाच्या आधी प्रत्येक गावाने एक दिवस ठरवावा. गावातले सगळे छोटे ट्रॅक्टर एका पारावर आणावेत. ज्याला येते त्याने दाखवावे, ज्याला येत नाही त्याने शिकावे. एक ग्रीस गन आणि पान्यांचा एक संच गावाला पुरतो. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना वह्या घेऊन या. पिकाचा उत्पादन खर्च किती, हे त्या वह्यांतून आपणच मांडू.