राजवंश आणि घरची वंशावळ

(हैदराबाद येथे महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या घरात जुनी वंशावळ जपलेली असते, त्या घरात तीत एखाद्या राजाचे नाव निघते काय, अशी उत्सुकता असतेच. कोणी आपले मूळ गोव्याच्या कदंबांच्या दरबारात शोधतो, तर कोणी ते देवगिरीच्या यादवांपर्यंत नेतो. या उत्सुकतेत गैर काहीच नाही. मात्र राजाचा शोध घेण्यापूर्वी वंशावळ हा कागद मुळात कशासाठी लिहिला गेला, हे समजून घेणे अगत्याचे आहे. हैदराबादच्या इतिहासात याची बोधप्रद उदाहरणे आहेत.

आरंभ पाथरीपासून करणे उचित ठरेल. परभणी जिल्ह्यातील हे गाव १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने १४९० साली आपले स्वातंत्र्य पुकारले. (हैदराबादच्या निजाम घराण्याशी या निजामशाहीचा संबंध नाही, साम्य आहे ते केवळ पदवीचे.) मलिक अहमदचा पिता मलिक हसन हा बहमनी राज्याचा मोठा सरदार. अहमदनगरच्या दरबारात वावरलेला इतिहासकार फिरिश्ता सांगतो, की हा मलिक हसन जन्माने ब्राह्मण होता. त्याचे पूर्वज पाथरीचे वंशपरंपरागत कुलकर्णी होते. ते विजयनगरच्या मुलखात गेले, आणि तेथे बहमनी सैन्याच्या हाती लागलेला मुलगा मुसलमान होऊन सुलतानाच्या पदरी वाढला. पुढे नातू बुऱ्हाण निजामशहा याने १५१८ साली वऱ्हाडच्या इमादशहाकडून पाथरी जिंकून घेतली आणि ती आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिली, असे फिरिश्ता लिहितो.

हा वृत्तान्त विचार करण्याजोगा आहे. सामान्य माणूस आपल्या वंशावळीत राजा शोधतो. येथे राजाच्या वंशावळीत गावचा कुलकर्णी निघाला. एका मूळ पुरुषाच्या दोन शाखा झाल्या. एकीने तख्त मिळविले, दुसरी गावच्या दप्तरावर राहिली. धर्म पालटला, तरी सुलतान भाऊबंदकी विसरला नाही. राजघराणे आणि सामान्य घराणे यांतील अंतर अनेकदा एवढेच असते.

दुसरे उदाहरण प्रत्यक्ष हैदराबादच्या गादीचे. असफजाही घराणे आपला वंश शेख शिहाबुद्दीन सुहरावर्दी यांच्याद्वारा पहिले खलिफा अबू बक्र यांच्यापर्यंत नेते. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे ज्येष्ठ पुत्र आझम जाह यांचा विवाह १९३१ साली फ्रान्समधील नीस येथे दुर्रूशेहवार यांच्याशी झाला. त्या तुर्कस्तानचे अखेरचे खलिफा अब्दुल मजीद दुसरे यांच्या कन्या. त्यांचे पुत्र मुकर्रम जाह १९३३ साली जन्मले. आता केवळ पुरुषवंशाची वंशावळ लिहिली, तर मुकर्रम जाह यांच्या वर उस्मानी सुलतानांपैकी एकाचेही नाव येणार नाही. सहा शतके राज्य केलेले घराणे एका स्त्रीच्या नावाबरोबर कागदावरून नाहीसे होते. आणि सामान्य घरांपर्यंत राजवंश पोहोचतो तो बहुधा याच वाटेने. गादीची शाखा एकच असते; मुलींच्या आणि धाकट्या मुलांच्या शाखा काही पिढ्यांत चारचौघांसारख्या होतात. सातवे निजाम १९६७ साली निवर्तले. १९४८ साली लंडनच्या बँकेत गेलेल्या सुमारे दहा लाख पौंडांचा वाद २०१९ साली तेथील न्यायालयात निकालात निघाला, तेव्हा वाट्याकडे डोळे लावून बसलेल्या वंशजांची संख्या शंभरावर गेली होती.

आता थोडे गणित. प्रत्येकाला आईबाप दोन, आजे-आज्या चार, त्यांचे आईबाप आठ. दहाव्या पिढीला ही संख्या १,०२४ होते आणि विसाव्या पिढीला १०,४८,५७६. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली, तर विसावी पिढी म्हणजे बुऱ्हाण निजामशहाने पाथरी घेतली तो काळ. त्या पिढीतील दहा लाखांहून अधिक स्थानांपैकी घरची वंशावळ एकच नाव सांगते. उरलेल्या स्थानी कोण होते, याविषयी ती मौन पाळते.

अर्थात ही दहा लाख माणसे निरनिराळी नव्हेत. विवाह आपसांत होत गेल्यामुळे एकच पूर्वज अनेक स्थानी पुन्हापुन्हा येतो. येल विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ जोसेफ चँग यांनी १९९९ साली गणिताने दाखविले, की एखाद्या समाजात विवाहसंबंध मुक्तपणे होत असतील, तर पुरेशा जुन्या काळातील ज्या माणसाचा वंश टिकला, तो त्या समाजातील सर्वांचाच पूर्वज ठरतो. भारतात मात्र जातींची कुंपणे आहेत. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रातील, म्हणजेच सीसीएमबीतील, शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह २०१३ साली दाखविले, की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात येथील समाजांत मोठी सरमिसळ झाली आणि त्यानंतर विवाह जातीच्या आत होऊ लागले. तेव्हा लहानशा ज्ञातीत फार पूर्वीचा राजपुरुष एका घराचा पूर्वज असेल, तर तो बहुधा सगळ्या घरांचा असणार. त्यावरून एका घराने दुसऱ्यापुढे मान ताठ करण्यास जागा उरत नाही.

या एकत्वाची दुसरी बाजूही आहे. त्याच केंद्राच्या सहभागाने झालेल्या २०१७ सालच्या अभ्यासात दक्षिण आशियातील २६३ समाजगटांपैकी ८१ गट फार थोड्या मूळ पूर्वजांपासून विस्तारलेले आढळले. अशा गटांत आईबाप दोघांकडून एकच सुप्त दोष मुलाकडे येण्याचा संभव वाढतो. म्हणजे पूर्वजांचा वारसा मानापमानापुरता नाही; तो मुलांच्या आरोग्यापर्यंत येऊन भिडतो. अशा वेळी आजोळचा इतिहास ठाऊक असणे उपयोगी पडते, आणि नेमका तोच वंशावळीत नसतो.

तो का नसतो? कारण वंशावळ ही रक्ताची नोंद नसून हक्काची नोंद आहे. हैदराबाद राज्यात इनाम, मनसब, वतन यांचा वारसा सिद्ध करावयाचा, तर सरकारात शजरा, म्हणजे वंशवृक्ष, दाखल करावा लागे. अशा चौकशीसाठी १९५२ सालीही स्वतंत्र कायदा झाला. गोव्यातील देवस्थानांसाठी पोर्तुगीज अमदानीत १८८६ व १९३३ साली नियम झाले आणि महाजनांच्या नामावल्या सिद्ध झाल्या. तेथेही हक्क पुरुषवंशाने चालत आला. ज्याला हक्क, त्याचे नाव. मुलगी सासरी गेली की तिचे नाव पुढे लिहिण्याचे प्रयोजन राहत नसे; आणि सासरी आलेल्या सुनेचे माहेरचे नाव तर लग्नातच पालटले जाई.

धर्मकृत्य मात्र या बाबतीत कागदापेक्षा उदार आहे. श्राद्धतर्पणात पिता, पितामह, प्रपितामह यांच्याबरोबर माता, पितामही, प्रपितामही यांचे नाव घ्यावे लागते. मातामहाचे आणि मातामहीचेही घ्यावे लागते. विवाहाच्या वेळी सापिंड्य पाहताना पित्याकडून सात आणि मातेकडून पाच पिढ्या मोजण्याचा नियम शास्त्राने सांगितला आहे. पूर्वसूरींना मातृवंशाचे महत्त्व ठाऊक होते. तर्पणाच्या वेळी पणजीचे नाव आठवेना म्हणून यजमान भटजींकडे पाहत राहतो, तेव्हा दोष शास्त्राचा नसतो. लिहून न ठेवण्याचा असतो.

म्हणून महाजन कुटुंबांनी एक काम मनावर घ्यावे. घरच्या वंशावळीत प्रत्येक पुरुषाच्या शेजारी त्याच्या पत्नीचे माहेरचे नाव, माहेरचे आडनाव, गाव आणि कुलदेवता लिहावी. मुलींची नावे, त्यांची सासरे आणि त्यांची मुले लिहावी. घराण्यात पुन्हापुन्हा आलेली दुखणीही नोंदवावी. यासाठी कोणत्याही दप्तरखान्यात जावयास नको. ही माहिती आज घरातील वृद्ध स्त्रियांजवळ आहे; त्यांच्या मागे ती कोणाजवळही असणार नाही. जन्मनाव काय होते, हे ज्या आजीला साठ वर्षांत कोणी विचारले नाही, तिच्यापासून प्रारंभ करावा. त्या शोधात एखादा राजा सापडला, तर आनंदच आहे. न सापडला, तरी पुढच्या पितृपक्षात घरातील मुलाला आपल्या पणजीचे नाव अडखळल्यावाचून घेता येईल.