उजवं-डावं रोग्याचं धरा

आपल्या वाशिम जिल्ह्यात सोयाबीनची मळणी निघाली, की घाई असते. अशात मळणी यंत्रात कुणाचा हात सापडला, तर घरचं माणूस १०८ क्रमांकाला फोन लावतं आणि नुसतं म्हणतं, "हाताला लागलं." कोणता हात, कुठं लागलं, हे विचारलं की गोंधळ होतो. समोर उभा असलेला माणूस जखमीचा उजवा हात डावा सांगून बसतो.

म्हणून पहिला नियम असा: उजवं-डावं नेहमी रोग्याचं, बघणाऱ्याचं नव्हे. वखरामागे चालताना तुमचं आणि बैलाचं तोंड एकाच दिशेला असतं. तुमची उजवी तीच बैलाची उजवी. पण वेसण धरून बैलासमोर उभे राहिलात, की बाजू उलटते. रोग्याचंही तसंच. एक्स-रेवर 'आर' असेल ती रोग्याची उजवी, 'एल' असेल ती डावी.

दुसरी गोष्ट वर-खालची. रोगी खाटेवर पडलेला असो की बसलेला, डॉक्टर मंडळी तो सरळ उभा आहे, तोंड समोर, हात खाली सोडलेले, तळवे पुढे, असं धरूनच बोलतात. त्यामुळं 'वर' म्हणजे डोक्याकडं, 'खाली' म्हणजे पायाकडं. 'आतली बाजू' म्हणजे शरीराच्या मधल्या रेघेकडची. गुडघ्याची आतली बाजू, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडची. हाताची जखम सांगताना "उजवा हात, मनगटापासून कोपराकडं चार बोटं" असं सांगावं. मग चूक होत नाही.

पोटाचे बेंबीवरून एक उभी, एक आडवी रेघ धरून चार भाग करा. वरच्या उजव्या भागात यकृत आणि पित्ताशय असतं. अपेंडिक्सचं दुखणं पुष्कळदा बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडं खाली उतरतं. तेव्हा दुखणं कुठं सुरू झालं आणि कुठं सरकलं, दोन्ही सांगा. पोट फार दुखत असेल तर घरी शेकत बसू नका, दवाखान्यात न्या.

आता निजवण्याच्या तीन तऱ्हा: उताणं, पालथं आणि कुशीवर. डॉक्टर त्यांना सुपाइन, प्रोन आणि लॅटरल म्हणतात. यातला फरक जीव वाचवतो. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी दगावले, हे आपण विसरलो नाही. फवारणारा बेशुद्ध झाला, पण श्वास चालू आहे, तर त्याला उताणा ठेवू नका. उलटी घशात अडकते. कुशीवर वळवा, तोंड जरा खाली झुकतं ठेवा. तोंडानं पाणी पाजू नका. औषध लागलेले कपडे काढा, अंग साबणानं धुवा, औषधाचा डबा सोबत न्या. श्वासच बंद असेल, तर मात्र उताणं करून छातीच्या मधोमध जोरानं दाब देत राहावं लागतं.

झाडावरून किंवा गाडीवरून पडलेल्या माणसाला उचलून बसवू नका. हलवणं भागच असेल, तर डोकं, पाठ आणि कंबर एका रेघेत ठेवून चौघांनी मिळून वळवा.

आज संध्याकाळी एवढं करा. घरातल्या लेकराला समोर उभं करा आणि विचारा, "माझा उजवा हात कोणता?" चुकलं तर हसू नका, पुन्हा विचारा. वेळ आली, तर फोन तेच लेकरू लावणार आहे.