तिजोरीची दुसरी किल्ली

(महिला दिनानिमित्त आपल्या सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय, 'नेतृत्व करणाऱ्या स्त्रिया आणि स्वतःविषयीची करुणा'. यावर बोलायला सत्तरी ओलांडलेला पुरुष कशाला, असं कुणाला वाटलं तर ते रास्तच आहे. पण आयुष्य बँकेत गेलं. हिशेब कुठे जुळत नाही ते शोधायची सवय काही सुटत नाही.

बँकेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही, हे तुम्हाला माहीत असेल. एक किल्ली कॅशियरकडे, दुसरी ऑफिसरकडे. माणूस कितीही चोख असो, सगळा भार एकावर टाकायचा नाही, हा त्यामागचा विचार. रिझर्व्ह बँकेचा आणखी एक नियम आहे. जोखमीच्या जागेवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा सलग किमान दहा कामकाजाच्या दिवसांची सक्तीची रजा घ्यावी लागते, तीही आधी न कळवता दिलेली. हेतू गैरव्यवहाराला आळा घालण्याचा आहे, पण त्यातून एक गोष्ट आपोआप कळते : तो माणूस नसला तरी शाखा चालते की नाही.

आता हाच नियम घराला लावून बघा. सिलिंडर कधी संपेल, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या किती उरल्या, मुलाच्या शाळेची फी कधी भरायची, कामवाल्या ताई उद्या येणार का? सगळ्या किल्ल्या एकीच्याच कमरेला! आणि तीच सकाळी दहाला कुठे शाखाधिकारी असते, कुठे मुख्याध्यापिका, आणि रात्री आपल्या कमिटीची पदाधिकारी. तिला सक्तीची रजा कोण देणार?

हे मी हवेत बोलत नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७. त्यातही असं काम करणारे पुरुष शंभरात जेमतेम सव्वीस, स्त्रिया मात्र एक्याऐंशी. पाच तास आणि दीड तास! असा ताळेबंद कुठला ऑडिटर पास करील?

याची किंमत मी जवळून पाहिली आहे. बँकेत प्रमोशन म्हणजे बहुतेक वेळा बदली. परीक्षेत आमच्यापेक्षा हुशार असलेल्या कितीतरी जणींनी फॉर्मच भरला नाही. ज्यांनी भरला, त्या शाखा उत्तम चालवायच्या आणि घरच्या फोनवर मात्र अपराध्यासारखं बोलायच्या. कर्जदाराला हप्त्यासाठी मुदत देणारी बाई स्वतःला एका दिवसाचीही सवलत देत नसे.

चित्र बदलतंय, हेही सांगतो. अरुंधती भट्टाचार्य २०१३ मध्ये स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. मुलांसाठी किंवा वडीलधाऱ्यांसाठी महिला कर्मचाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सुट्टी घेऊन पुन्हा रुजू होता येईल, अशी सोय त्यांच्या काळात झाली. प्रसूतीची पगारी रजा २०१७ च्या कायदादुरुस्तीने बारा आठवड्यांवरून सव्वीसवर गेली. पण कायदा ऑफिसच्या दारापर्यंत येतो. घरात शिरल्यावर पुढचं आपल्यालाच बघावं लागतं.

क्रिस्टिन नेफ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी या स्वतःविषयीच्या करुणेचा अभ्यास केलाय. त्यांच्या मांडणीत तीन गोष्टी आहेत, मी माझ्या भाषेत सांगतो. एक, मैत्रीण चुकली तर तिच्याशी जसं बोलाल तसंच स्वतःशी बोला. दोन, असं फक्त माझ्याच बाबतीत होतं असं समजू नका, सगळ्यांचीच तारांबळ उडते. तीन, जे वाटतंय ते दडपू नका आणि उगाळतही बसू नका.

हे म्हणजे लाड नव्हेत हो! बँकेत न जुळलेली रक्कम आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. नोंद करतो, दिवस बंद करतो, दुसऱ्या दिवशी शोधतो. रक्कम विसरत नाही, पण तिच्यासाठी रात्रभर शाखा उघडी ठेवत नाही. भगिनींनो, आज डबा बाहेरून मागवला, मुलाच्या पालकसभेला जाता आलं नाही, तर तेवढी नोंद करा आणि दिवस बंद करा.

पण सगळा उपदेश त्यांनाच करून कसं चालेल? 'स्वतःची काळजी घे गं' असं म्हणायचं आणि चहाचा कप तिच्याच हातात द्यायचा, हे बरोबर नाही. बंधूंनो, विशेषतः माझ्यासारख्या पेन्शनर मंडळींनो, 'मदत करतो' हा शब्द सोडा. किल्ली घ्या. औषधं आणायची तर ती कधी संपतात हे लक्षात ठेवण्यासकट घ्या. नाहीतर हमाली आपली आणि काळजी तिची, असं होतं. आणि भगिनींनो, किल्ली दिल्यावर ती परत मागू नका. भाजीत मीठ कमी पडेल, पडू द्या.

आपल्या सोसायटीपुरतं एक सुचवतो. कमिटीवर महिलांसाठी दोन जागा राखीव असतात. त्या भरायच्या म्हणून भरू नयेत आणि निवडून आलेल्या ताईंना रात्री अकराला पार्किंगच्या तक्रारीसाठी फोन करू नयेत. पाणी, लिफ्ट, आग, आजारपण सोडून बाकी सगळं सकाळी. प्रत्येक पदाला एक जोडीदार नेमा, म्हणजे कुणाही पदाधिकाऱ्याला, बाई असो वा पुरुष, महिनाभर गावाला जाता येईल.

पंचवीस वर्षांत आपण टाकी बांधली, लिफ्ट बदलली, गच्चीची गळती काढली. पुढच्या वर्षांत घराघरांतल्या किल्ल्यांची वाटणी करू. त्याला मेंटेनन्सही वाढवावा लागणार नाही!